मत मांडलं की लगेच 'विकला गेलास'? रिव्ह्यूमधला पक्षपात नक्की ओळखायचा कसा?

चर्नीरोड_स्लो

नमस्कार मंडळी. मी नोकरी सांभाळून फोन, इअरफोन, लॅपटॉप यावर मराठीत लिहितो, अधूनमधून व्हिडिओ पण करतो. बघणारे वाचणारे बहुतेक आपल्याच पट्ट्यातले, गिरगाव ते विरार आणि तिकडे ठाणे कल्याण. पोस्टखाली दुकानांच्या लिंक असतात, त्यातून कोणी घेतलं तर मला थोडं कमिशन येतं आणि हे मी दर वेळी वरच लिहितो, लपवत नाही.

तर गेल्या महिन्यात एक आयफोन आणि साधारण त्याच किमतीचा एक अँड्रॉइड अशी तुलना टाकली. दोन्ही फोन मित्रांचे, कंपनीचा काडीचा संबंध नाही. व्हिडिओ शूटिंगला आयफोन सरळ पुढे होता, तसं लिहिलं. चार्जिंगमध्ये अँड्रॉइड पुढे होता, तेही लिहिलं. शेवटी म्हटलं की हे माझं वैयक्तिक मत, पण मला स्वतःला घ्यायचा असेल तर मी अँड्रॉइड घेईन, कारण माझा अर्धा दिवस बाहेर साइटवर जातो आणि मला जेवणाच्या सुट्टीत चार्ज होणारा फोन लागतो. बस एवढंच. त्याखाली एकाने लिहिलं 'किती मिळाले रे?', दुसऱ्याने 'चायनीज कंपनीचा दलाल', आणि तिसऱ्याने त्याच पोस्टखाली 'ॲपलची आरती ओवाळून झाली का?'. म्हणजे एकाच लेखात मी दोन्हीकडून विकला गेलो!

त्रास शिव्यांचा नाही होत, त्रास याचा होतो की जे लोक दोन वर्षं वाचतायत त्यातल्याही एक दोघांनी मेसेज करून विचारलं, खरंच काही घेतलंस का? आणि नेमकं याच आठवड्यात एका पीआर एजन्सीचा (कंपन्यांची प्रसिद्धी बघणारे लोक) मेल आलाय की नवीन फोन पंधरा दिवसांसाठी पाठवतो, फक्त व्हिडिओ टाकायच्या आधी एकदा आम्हाला दाखवा आणि दुसऱ्या ब्रँडशी तुलना नको.

तर विचारायचं हे की स्वतःचं मत देणं म्हणजे पक्षपात का? मत बाजूला ठेवून नुसते आकडे आणि बेंचमार्क (वेग मोजणाऱ्या ॲपचे गुण) टाकायचे का? आणि या मेलला काय उत्तर द्यावं? इथे या क्षेत्रातले लोक आहेत म्हणून विचारतोय.

---

अडाणी_ग्राहक

भावा, तुझ्याबद्दल वैयक्तिक काही नाही, पण लोक उगाच नाही संशय घेत. एका सकाळी एकाच वेळी वीस चॅनलवर एकाच फोनचे व्हिडिओ येतात, सगळ्यांचं कौतुक सारखं, सगळ्यांची तक्रार पण सारखी आणि तीही अगदी किरकोळ, 'बॉक्समध्ये कव्हर दिलं असतं तर बरं झालं असतं' या लेव्हलची. बघणाऱ्याने काय समजायचं?

मी असे सगळे व्हिडिओ बघूनच फोन घेतला होता. वॉरंटी संपली आणि पुढच्याच अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी उभी रेघ आली, सर्व्हिस सेंटरने डिस्प्लेचा जो खर्च सांगितला त्यात थोडे घातले असते तर नवीन फोन आला असता. ज्यांनी कौतुक केलं होतं त्यांच्यापैकी एकाने तरी परत येऊन त्या मॉडेलबद्दल व्हिडिओ केला का? नाही. कारण तोपर्यंत त्यांच्या हातात पुढचा फोन.

आणि तुझ्या मेलमध्ये जे लिहिलंय ते मोठ्या कंपन्या पण करतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गुगलच्या टीम पिक्सेल (पिक्सेल म्हणजे त्यांचा फोन) कार्यक्रमाच्या अटी बाहेर आल्या, त्यात लिहिलं होतं की दुसऱ्या कुठल्याही फोनऐवजी पिक्सेलच दाखवायचा आणि दुसरा ब्रँड जास्त आवडतोय असं दिसलं तर संबंध संपला. बोंबाबोंब झाल्यावर ते वाक्य काढलं. बोंबाबोंब झाली नसती तर?

---

जुना_उपसंपादक

मी एका पेपरच्या टेक पुरवणीवर बरीच वर्षं होतो, आता नाही, त्यामुळे मोकळेपणी लिहितो.

आधी वीस व्हिडिओंचं. त्याला एम्बार्गो म्हणतात. कंपनी फोन आठवडाभर आधी देते आणि सांगते अमुक तारखेला अमुक वाजता छापा. यात वाचकाचा फायदा पण आहे, कारण हे नसेल तर जो सगळ्यात आधी टाकेल तो जिंकेल आणि मग कोणी दोन दिवससुद्धा फोन वापरणार नाही. वेळेची अट चालते. मजकुराची अट चालत नाही. पत्रकारितेत हीच लक्ष्मणरेषा आहे आणि तुझ्या मेलमधल्या दोन्ही अटी रेषेच्या पलीकडच्या आहेत. टीम पिक्सेलबद्दल एक दुरुस्ती, तो इन्फ्लुएन्सर लोकांचा प्रचाराचा कार्यक्रम होता, वर्तमानपत्रं आणि रिव्ह्यू करणाऱ्या साइट्सना फोन जातात तो मार्ग वेगळा. पण बघणाऱ्याला हा फरक कळायला काही सोयच नसते, त्यामुळे तुझा राग बरोबर आहे.

आता 'किती मिळाले' चं. बाहेरच्यांना वाटतं पाकीट मिळतं. माझ्या बघण्यात दबाव तसा येत नाही, तो येतो ॲक्सेसमधून. पुढच्या लाँचला नाव कापलं जाईल, फोन तीन आठवडे उशिरा येईल, मुलाखत दुसऱ्याला जाईल. २०२० च्या डिसेंबरमध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने हार्डवेअर अनबॉक्स्ड या ऑस्ट्रेलियन चॅनलला कळवलं की तुम्हाला यापुढे आमची फाउंडर्स एडिशन (कंपनीची स्वतःची) कार्डं रिव्ह्यूला मिळणार नाहीत. गुन्हा काय, तर ते रे ट्रेसिंगला (गेममध्ये प्रकाश आणि सावली खऱ्यासारखी दाखवायची पद्धत) कंपनीला हवं तेवढं महत्त्व देत नव्हते, साध्या रास्टरायझेशनच्या (चित्र काढायची जुनी नेहमीची पद्धत) परफॉर्मन्सवर जास्त भर देत होते. दुसऱ्या रिव्ह्यूवाल्यांनी एकत्र आवाज उठवला तेव्हा काही दिवसांत कंपनीने माफी मागून ते मागे घेतलं. यातलं महत्त्वाचं बघ, त्यांचे आकडे चुकीचे आहेत असं कंपनी म्हणतच नव्हती! भांडण होतं कुठल्या आकड्याला वजन द्यायचं यावर, म्हणजे मतावर. म्हणून तू विचारतोस ना नुसते आकडे टाकू का, तर बाबा रे आकडे निवडणं हेच मत आहे.

शिवाय आकडेही सोवळे नसतात. २०१३ मध्ये आनंदटेक या हार्डवेअर तपासणाऱ्या साइटने दाखवलं की सॅमसंगचा गॅलॅक्सी एस४ ठराविक बेंचमार्क ॲप ओळखून तेवढ्यापुरता जोरात पळतो. २०२२ मध्ये परत सॅमसंगच, फोनमध्येच असलेलं गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर हजारो ॲप्सचा वेग दाबत होतं पण बेंचमार्कला हात लावत नव्हतं, म्हणून गीकबेंच या बेंचमार्क ॲपवाल्यांनी एस१० पासून एस२२ पर्यंतचे फोन आपल्या यादीतून काढले. वनप्लस ९ चं पण त्याच्या आदल्या वर्षी तसंच झालं. नुसते आकडे छापणारा त्या वेळी कंपनीची जाहिरातच छापत होता, एक पैसा न घेता. आणि असा घोळ पकडायला बहुतेकदा मतच लागतं, हातात फोन धरून 'हा एवढा फास्ट वाटत नाहीये' असं वाटावं लागतं.

मालक पण विसरू नका. २०१३ च्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सीनेट या टेक साइटच्या संपादकांनी डिश या टीव्ही कंपनीच्या हॉपर नावाच्या रेकॉर्डरला पुरस्कारासाठी निवडलं. सीनेटची मालक कंपनी सीबीएसचा डिशशी त्याच यंत्रावरून कोर्टात खटला चालू होता, तर वरून आदेश आला की हे नाव काढा. काढलं. त्यावरून एका वार्ताहराने राजीनामा दिला आणि सीईएस भरवणाऱ्या संस्थेने पुरस्कार निवडायचं काम सीनेटकडून काढून घेतलं. याला म्हणतात पक्षपात, आणि यात वैयक्तिक मताचा काहीच दोष नाही, उलट संपादकांचं मत दाबलं गेलं. मत असणाऱ्या माणसाला लोक घाबरतात आणि मत दाबणारा कोणाला दिसतच नाही, हे मला फार खटकतं.

---

लॅमिंग्टनवाला

उपसंपादक साहेबांनी छान लिहिलं. मी लॅमिंग्टन रोडला दुकानात बसतो, विक्री कमी रिपेरिंग जास्त.

पहिलं म्हणजे रिव्ह्यूवाल्याला पकडता तसं दुकानदाराला कोण विचारत नाही. कंपन्या ठराविक मॉडेलवर काउंटरच्या पोरांना इन्सेंटिव्ह देतात, या महिन्यात हा फोन एवढे विकले तर एवढे. मग गिऱ्हाईक काही पण मागू दे, पोरगा तोच फोन पुढे करणार. कोणी बोर्ड लावतो का की हा फोन दाखवण्याचे मला जास्त मिळतात? तू कमिशनचं वर लिहितोस म्हणजे बाजारापेक्षा पुढे आहेस.

दुसरं, लोक चिडतात त्याचं कारण. माझ्यासमोर रोज बघतो. माणूस ऐंशी हजाराचा फोन हप्त्यावर घेतो, चौदा हप्ते बाकी असतात, आणि कोणी म्हणतो दुसरा बरा होता. त्याला तो फोनचा रिव्ह्यू वाटतच नाही, त्याला वाटतं मला मूर्ख म्हटलं. मग रिव्ह्यूवाला विकला गेला असं धरलं की स्वतःचा निर्णय बरोबर राहतो. त्या माणसावर राग नको धरू, त्याने पैसे कष्टाने कमवलेत.

पण मला जे बोलायचंय ते तिसरं आहे. आयफोन की अँड्रॉइड यावर तुम्ही सगळे भांडता आणि यात एक पक्षपात कोणालाच दिसत नाही, तो म्हणजे 'घ्या' चा पक्षपात. लिंकचं कमिशन आयफोनवर पण येतं आणि अँड्रॉइडवर पण येतं, येत नाही ते फक्त 'काही घेऊ नका, तुमचा चालू फोन ठीक आहे' यावर. मग कोण सांगणार हे? २०१७ च्या डिसेंबरला आठवत असेल, ॲपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झाली की सॉफ्टवेअरने आयफोन हळू केला जातो. त्याआधी किती लोकांनी फोन म्हातारा झाला समजून नवीन घेतला असेल! फक्त बॅटरी बदलायची गरज होती. मग माफी मागून ७९ डॉलरची बॅटरी २९ ला दिली. आणि ते पकडलं कोणी, तर एका वापरणाऱ्याने बॅटरी बदलून बघितलं, फरक रेडिटवर टाकला आणि मग गीकबेंचवाल्याने आपल्याकडचे आकडे काढून दाखवले. मोठमोठी टेक साइट नाही. कारण त्यांच्याकडे जुना फोनच नसतो, दर महिन्याला नवा.

आमच्याकडे निम्मे फोन बॅटरी, चार्जिंग पिन आणि स्टोरेज भरलं म्हणून येतात. तीन वर्षं जुना बरा फोन असेल तर थोड्या खर्चात अजून दोन वर्षं आरामात जातो. हा व्हिडिओ कर ना भाई. डिस्प्लेची किंमत फोनच्या किमतीच्या किती, सर्व्हिस सेंटरला पार्ट किती दिवसात येतो, हे रिव्ह्यूत टाक. अडाणी भाऊंची हिरवी रेघ माझ्या टेबलावर नेहमी येते, पंधरा दिवसांच्या रिव्ह्यूत ती कधीच दिसणार नाही.

---

पार्ल्याची_मावशी

मी ग्राहक चळवळीत काम करते, म्हणून फक्त नियमाचं सांगते, बाकी तुम्ही सगळ्यांनी लिहिलंच आहे.

चर्नीरोड, बाळा, यात आता कायदा आहे, हे नुसतं नीतीचं राहिलेलं नाही. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एएससीआय, म्हणजे आपल्या मुंबईतलीच संस्था, १९८५ ची, तिने इन्फ्लुएन्सर जाहिरातींसाठी २०२१ च्या जूनपासून नियम लागू केले. मग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जूनमध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२३ च्या जानेवारीत सरकारने इन्फ्लुएन्सर लोकांसाठी सोप्या भाषेत वेगळी पुस्तिका दिली. त्यात फक्त पैसे नाही येत. फुकट मिळालेली वस्तू, सवलत, प्रवास, हॉटेल, नोकरी किंवा घरचं नातं, मतावर परिणाम करू शकेल असं काहीही असेल तर ते सांगायचं. आणि सांगायचं म्हणजे वीस हॅशटॅगच्या शेवटी कोंबायचं नाही, व्हिडिओ असेल तर व्हिडिओतच, दिसेल आणि ऐकू येईल असं. दिशाभूल केली तर दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि जाहिरात करायला एक वर्षापर्यंत, पुन्हा केली तर तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

तू स्वतःच्या किंवा मित्राच्या फोनवर मत दिलंस, कंपनीशी काही देणंघेणं नाही, तर तुला कोणाला भ्यायचं कारण नाही. एजन्सीला आधी दाखवून, त्यांच्या अटीवर टाकलंस तर मात्र ती जाहिरात झाली, तिला रिव्ह्यू म्हणू नकोस. फसवणूक वाटली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हे अडाणी_ग्राहक यांच्यासाठी.

अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासून आहे, जाहिरात घेत नाहीत आणि प्रत्येक वस्तू बाजारातून स्वतः विकत घेऊन तपासतात. आयफोन ४ च्या अँटेनाचा घोळ झाला (हातात धरला की सिग्नल पडायचा) तेव्हा २०१० मध्ये त्यांनी सरळ सांगितलं की आम्ही याची शिफारस करू शकत नाही, आणि त्याच आठवड्यात स्टीव्ह जॉब्सला पत्रकार परिषद घेऊन फुकट कव्हर वाटायला लागले. आपल्याकडे कन्झ्युमर गायडन्स सोसायटी १९६६ पासून, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून, म्हणजे ग्राहकाने एकत्र येऊन बोलायची परंपरा याच शहरात आहे. फोनच्या बाबतीत मराठीत असं काम करणारं कोणी हवंच आहे.

---

अडाणी_ग्राहक

मावशी, माहितीबद्दल धन्यवाद, १९१५ वर नक्की करतो.

पण 'फोन कंपनीने पाठवला आहे' एवढं लिहिलं की सगळं धुतलं गेलं असं मला नाही वाटत. हल्ली सगळे एक वाक्य टाकतात की कंपनीने आमचा व्हिडिओ आधी बघितलेला नाही, आणि ते खरं पण असेल, तरी बोलणाऱ्याच्या डोक्यात असतंच ना की फार ठोकलं तर पुढचा फोन येणार नाही. ते कुठल्या डिस्क्लेमरमध्ये लिहिणार?

मला विश्वास कोणावर बसतो तर ज्याने आधी कधीतरी ठोकलंय त्याच्यावर. मार्केस ब्राउनली या अमेरिकन टेक यूट्यूबरने २०२४ च्या एप्रिलमध्ये ह्यूमेन कंपनीच्या एआय पिनला (कपड्याला लावायचं यंत्र) मी आजवर रिव्ह्यू केलेली सगळ्यात वाईट वस्तू म्हटलं, तेव्हा लोक उलट त्याच्यावर चढले, नवीन कंपनीला असं बोलणं अनैतिक आहे म्हणे. अरे ६९९ डॉलर आणि वर महिन्याला २४ डॉलर देणाऱ्या ग्राहकाचं काय? २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीने पिन बंद केला, बरंचसं काही एचपीला ११६ मिलियन डॉलरला विकलं, आणि ज्यांनी पिन घेतले होते त्यांच्या हातात बंद डबा राहिला. त्याचं मत कठोर होतं पण ते विकत घेणाऱ्याच्या बाजूने होतं. मला असा पक्ष घेणारा चालेल.

---

कळवा_लेडीज_डबा

सगळं वाचलं. एक मुद्दा कोणीच नाही घेतला म्हणून लिहिते. पैसे, ॲक्सेस, कंपनी हे सगळं सोडा, अगदी प्रामाणिक माणसाचा रिव्ह्यू पण मला पुष्कळदा उपयोगी पडत नाही, कारण रिव्ह्यू करणारा जवळपास नेहमी पुरुष, हात मोठा, घरी वायफाय, फिरायला गाडी. तो म्हणतो २३० ग्रॅम वजन जाणवत नाही. मला जाणवतं, कारण लोकलमध्ये माझा एक हात वरच्या कडीला असतो आणि दुसऱ्या हाताने मला मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर उत्तर द्यायचं असतं. तो गेमिंगमध्ये फोन किती तापतो ते सांगतो, मला मुंब्रा ते दिवा नेटवर्क धरतो का ते हवंय. यात कोणाला कोणी विकत घेतलेलं नाही तरी हा पक्षपातच आहे ना, आणि यावर उपाय मत कमी करणं हा नाहीये, उलट मत देणारा कोण आहे, कुठे राहतो, कसा वापरतो हे जास्त सांगणं हा आहे. तुझ्या त्या पोस्टमधलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच होतं, जेवणाच्या सुट्टीत चार्ज होणारा फोन लागतो. मला लगेच कळलं की हे मत माझ्यासाठी कितपत लागू आहे. ते काढू नकोस प्लीज.

---

चर्नीरोड_स्लो

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

एजन्सीला आत्ताच मेल केला. लिहिलंय की तारखेची अट असेल तर मान्य, आधी दाखवणार नाही, तुलना करणार, आणि फोन तुमच्याकडून आलाय हे व्हिडिओच्या सुरुवातीलाच बोलून सांगणार. पाठवायचा तर पाठवा. नाही पाठवला तर दुकानात आल्यावर कोणाचा तरी मिळेलच, दोन आठवडे उशीर होईल एवढंच.

लॅमिंग्टन दादा, 'घ्या' चा पक्षपात हे मात्र डोक्यात पक्कं बसलं. पुढचा व्हिडिओ तुमच्या टेबलावर करायचा म्हणतो, तीन वर्षं जुन्या फोनची बॅटरी बदलून आधी आणि नंतर. त्याखाली एकही लिंक नसेल. शनिवारी दुपारी दुकानात आलो तर चालेल का?

आणि कळवा ताई, वजन आणि एका हाताने टायपिंग हे यापुढे प्रत्येक रिव्ह्यूत घेतो, फक्त ते मी करून उपयोग नाही, बहिणीला करायला सांगतो, ती रोज डोंबिवलीहून येते. अजून काय तपासू सांगा.

---

लॅमिंग्टनवाला

शनिवारी नको, गर्दी असते. मंगळवारी सकाळी अकराला ये. दोन तीन जुने फोन बाजूला काढून ठेवतो, गिऱ्हाइकांना विचारून.

---

कळवा_लेडीज_डबा

ओल्या बोटांनी टच चालतो का ते बघायला सांग तिला, पावसात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत असताना सुद्धा. आणि अनाउन्समेंट चालू असताना स्पीकरवर समोरच्याचा आवाज ऐकू येतो का ते.